सैतानाच्या हातून काय घ्यावं?

रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोवच्या 'मास्टर आणि मार्गारिटा' या कादंबरीवर आमच्या वाचनगटात बोलायचं माझ्याकडे आलं, तेव्हा विषयही ठरवूनच मिळाला होता: या कादंबरीत चांगलं आणि वाईट एकमेकांवाचून कसं राहू शकत नाही. विषय देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता प्रसंग होता, हे विचारायची गरजच नव्हती. कादंबरी वाचलेला जो तो आधी तोच सांगतो. २९व्या प्रकरणात वोलँड, म्हणजे सैतान, मॉस्कोतल्या एका इमारतीच्या गच्चीवर बसलेला असतो. त्याच्याकडे प्रकाशाच्या बाजूचा दूत म्हणून मत्तय लेवी येतो. वोलँड त्याला ऐकवतो: वाईट नसतंच तर तुझ्या चांगुलपणाला काम काय उरलं असतं? सावल्या नाहीशा झाल्या तर ही पृथ्वी दिसेल कशी? सावली तर झाडांचीही पडते, माणसांचीही. नुसता उघडा प्रकाश हवा म्हणून सगळी पृथ्वी सोलून काढणार आहेस का?

टाळी घेणारं बोलणं आहे, यात वाद नाही. पण बोलतोय कोण? सैतान. आरोपीनेच स्वतःचं वकीलपत्र घेतलंय आणि आपण त्याचा युक्तिवाद निकालपत्र म्हणून वाचतोय, असं मला वाटायला लागलं. कादंबरीचं म्हणणं वेगळं काढायचं तर ते पात्रांच्या तोंडून नव्हे, त्यांच्या करणीतून काढावं लागणार. म्हणून दुसऱ्या वाचनाला बसताना वही घेतली आणि तीन रकाने आखले: मनात काय होतं, केलं काय, आणि त्यातून निघालं काय.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३०च्या दशकातलं मॉस्को. देव नाही हे सरकारी मत आहे, आणि लेखकांच्या संघटनेचा अध्यक्ष बर्लिओझ एका तरुण कवीला तेच समजावून सांगतोय. तिथे एक परदेशी प्रोफेसर येऊन टपकतो. हाच वोलँड. त्याच्यासोबत बेगेमोत नावाचं भलंमोठं बोलणारं मांजर, तुटक्या चष्म्याचा कोरोव्येव, सुळेवाला अझाझेलो. दुसरा धागा दोन हजार वर्षांपूर्वीच्या येर्शलाईमचा, म्हणजे जेरुसलेमचा. रोमन सुभेदार पिलात आणि त्याच्यापुढे उभा केलेला भटका तत्त्वज्ञ येशुआ, म्हणजे येशू, यांची ही गोष्ट. मास्टर नावाच्या लेखकाने ती लिहिली, टीकाकारांनी त्याला झोडपलं, त्याने हस्तलिखित जाळलं आणि तो वेड्यांच्या इस्पितळात जाऊन पडला. मार्गारिटा ही त्याची प्रेयसी.

कादंबरीच्या माथ्यावर गटेच्या 'फाउस्ट'मधलं एक वचन आहे. मी त्या शक्तीचा भाग आहे जी सदैव वाईट इच्छिते आणि सदैव चांगलं करते, अशा अर्थाचं. तेच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि म्हटलं, बघू या हे कुठवर टिकतंय.

सुरुवातीला मजेत टिकलं. वरायटी थिएटरचा प्रशासक वारेनुखा फोनवर उद्धटपणे बोलणारा, सहज थापा मारणारा माणूस. वोलँडची टोळी त्याला रक्तपिपासू पिशाच्च बनवते, तो हातापाया पडून सुटका करून घेतो, आणि उपसंहारात कळतं की आता तो इतका सौजन्यमूर्ती झालाय की लोक त्याच्यावर जीव टाकतात. हाउसिंग कमिटीचा अध्यक्ष बोसोय लाच घेतो, पैसे संडासाच्या झरोक्यात लपवतो. रुबलचं परकीय चलन होतं आणि पोलीस दारात. चलन बदललं त्यांनी, पण लाच याने स्वतःच्या हाताने घेतली होती. नोंदी भरत गेले तसं दिसायला लागलं की ही मंडळी वाईट पेरत नाहीत. जे आधीच रुजलंय ते उकरून वर काढतात. थिएटरातल्या जादूच्या खेळात वोलँड प्रेक्षकांकडे बघतो आणि म्हणतो, माणसं आहेत तशीच आहेत. पैशाचा सोस आहे, उथळ आहेत, पण दया अधूनमधून त्यांचंही दार ठोठावते. फक्त घरांच्या टंचाईने त्यांना बिघडवलंय. हा सैतान कमी आणि तपासणीला आलेला साहेब जास्त.

मग बेंगाल्स्की आला आणि तिसरा रकाना रिकामाच राहिला. हा खेळाचा निवेदक. गुन्हा एवढाच की मधे मधे फार बडबड करतो. मांजर त्याचं मुंडकं उपटतं, लोक गयावया करतात म्हणून परत बसवतं. उपसंहारात तो बरा होऊन इस्पितळातून बाहेर येतो, पण नोकरी सोडतो. दर वसंतात पौर्णिमा आली की घाबरून मान चाचपतो. यातून चांगलं काय निघालं? काही नाही. आणि अलोईझी मोगारिचचं काय? मास्टरचा हा दोस्त. मास्टरचं तळघरातलं बिऱ्हाड आपल्याला मिळावं म्हणून त्याने खोटी तक्रार करून त्याला अडकवलं. वोलँडसमोर खेचून आणल्यावर तो पहिल्यांदा काय सांगतो? मी तिथे न्हाणीघर बांधून घेतलंय, रंगसफेदीचा खर्च केलाय. त्याला फेकून दिलं जातं, आणि उपसंहारात तो वरायटी थिएटरचा वित्त संचालक झालेला असतो. सैतान शहरात येऊन गेला, आणि चुगलखोराला बढती मिळाली.

म्हणजे माथ्यावरचं वचन निम्म्या पानांवर लंगडत होतं. वाईटातून आपसूक चांगलं उगवतं, हे कादंबरी दाखवतच नाही. ज्या ज्या नोंदीत खरोखर काही चांगलं निघालं होतं, तिथे मधे कोणीतरी उभं राहून काहीतरी मागितलं होतं. यातली सगळ्यात मोठी नोंद फ्रीडाची.

सैतानाच्या मेजवानीत मार्गारिटा यजमानीण असते. शेकडो खुनी, विषप्रयोगी, फितूर जिन्यावरून येतात आणि तिच्या गुडघ्याचं चुंबन घेऊन पुढे जातात; गुडघा सुजून ठणकायला लागतो. त्या रांगेत फ्रीडा येते. ती एका कॅफेत कामाला होती. मालकाने तिला कोठाराच्या खोलीत बोलावलं. नऊ महिन्यांनी मूल झालं. तिने ते रानात नेलं, तोंडात रुमाल कोंबून मारलं आणि पुरलं. गेली तीस वर्षं रोज तिच्या उशाशी तोच निळ्या काठाचा रुमाल ठेवला जातो. ती जाळते, तो परत येतो. मार्गारिटा विचारते, आणि तो मालक? मांजर मधेच तोंड घालतं: मालकाचा काय संबंध, मूल काही त्याने मारलं नाही. कायद्याच्या भाषेत तंतोतंत बरोबर. अख्ख्या कादंबरीत मला सगळ्यात भेसूर वाटलेलं वाक्य हे. विनोद म्हणून येतं आणि निघून जातं.

मेजवानी संपते. मार्गारिटा काही मागत नाही, मान ताठ ठेवून निघते. वोलँड खूश होतो: आपल्याहून बलवानाकडे कधी मागू नये, हेच तो पाहत होता. आता एक माग, म्हणतो. वाचणारा श्वास रोखून बसलेला, कारण मास्टर परत मिळवण्यासाठीच तर तिने हा सगळा घाट घातला. आणि ती म्हणते, फ्रीडाला तो रुमाल देणं बंद करा.

इथे मी पेन्सिल खाली ठेवून ती दोन पानं पुन्हा सावकाश वाचली. वोलँड चिडतो. बहुतेक आता चिंध्या गोळा करून माझ्या खोलीच्या सगळ्या फटी बुजवाव्या लागणार, म्हणतो. कसल्या फटी, कोणाला कळत नाही. मग तो सांगतो, मी दयेबद्दल बोलतोय; ती अगदी बारीक फटीतूनही आत शिरते. त्याचा दुसरा प्रश्न आणखी मोलाचा: तुम्ही फार दयाळू आहात का, फार नीतिमान? मार्गारिटा म्हणते, छे. मी तिला आशा लावून बसले, ती आता माझ्यावर विसंबून आहे. ती फसली तर मला आयुष्यभर चैन पडणार नाही. काही तासांपूर्वीच या बाईने विवस्त्र उडत जाऊन टीकाकार लातुन्स्कीच्या घराचा हातोड्याने चुराडा केलाय, आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर घाबरलेल्या पोराला थोपटून निजवलंय. दया करायला संत असावं लागत नाही, शब्दाला जागावं लागतं.

आणि मग वोलँड हात झटकतो. हे माझ्या खात्याचं काम नाही, तुम्हीच करा. मार्गारिटा फ्रीडाला हाक मारते, तुला क्षमा आहे म्हणते, आणि संपलं. सैतानाने फक्त व्यासपीठ दिलं. क्षमा त्याच्याकडे नव्हतीच, तो ती देणार कुठून? उलट तो प्रामाणिकपणे सांगतो, मी काही केलंच नाही, तेव्हा ही मागणी धरायची नाही, दुसरी मागा. तेव्हा कुठे मास्टर परत येतो. वहीत मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: वाईटाच्या घरात चांगलं घडलं, वाईटामुळे नाही. हा फरक मला पुढे फार उपयोगी पडला.

यानंतर मी क्रम मोडला. पिलाताची गोष्ट कादंबरीत चार ठिकाणी विखुरलेली आहे, २, १६, २५ आणि २६ या प्रकरणांत. ती चारही एका बैठकीत सलग वाचली. वोलँडचा धिंगाणा मधून काढून टाकला की हवा एकदम बदलते. इथे कोणी चमत्कार करत नाही. येशुआ म्हणतो, जगात वाईट माणसं नाहीतच; त्याला चाबकाने फोडून काढणारा शतपतीही चांगलाच, फक्त दुःखी. माणूस जायला नको, त्याचं वाकडेपण जावं, हे मागणं आपल्या कानांना काही परकं नाही, त्यामुळे मला तो भाबडा वाटला नाही. पिलाताला मात्र आधी वाटतो. मग तो पिलाताची असह्य डोकेदुखी ओळखतो, ती थांबते, आणि पिलात त्याला सोडवायच्या बेताला येतो: वेडा ठरवायचं आणि समुद्रकाठच्या कैसरियात आपल्याजवळ ठेवायचं. तेवढ्यात दुसरा कागद पुढे येतो. हा माणूस म्हणालाय की प्रत्येक सत्ता म्हणजे जुलूमच, एक दिवस कुठल्याच कैसरची सत्ता उरणार नाही. पिलात डोळ्यांनी खुणावतो, नाही म्हण. येशुआला खोटं बोलता येत नाही. पिलात घाबरतो आणि मोठ्या आवाजात सम्राटाचा जयजयकार करतो.

पहिल्या रकान्यात इथे 'वाचवायचं होतं' असं लिहावं लागलं. सगळ्या कादंबरीतलं सर्वांत मोठं पातक या नोंदीतून निघतं, आणि सैतान त्यात फक्त साक्षीदार आहे.

पुढे २५व्या प्रकरणात पिलात गुप्तचर प्रमुख अफ्रानियसशी बोलतो. हे संभाषण मी मोठ्याने वाचून पाहिलं. पिलात म्हणतो, मला खबर मिळाली आहे की आज रात्री यहूदाला, म्हणजे पैसे घेऊन येशुआला पकडून देणाऱ्याला, भोसकणार आहेत, आणि पैसे मुख्य याजकाच्या वाड्यात टाकणार आहेत, 'शापित पैसा परत करतो' अशा चिठ्ठीसह. त्याचं रक्षण करा. अफ्रानियस क्षणभर थांबून विचारतो, भोसकणार म्हणता? पिलात म्हणतो, हो, आणि आमची सगळी भिस्त तुमच्या कर्तबगारीवर. मग जुनं देणं म्हणून पैशांची थैली त्याच्या हातात. रात्री यहूदा मरतो, आणि अफ्रानियस येऊन गंभीरपणे सांगतो की मी रक्षणात कमी पडलो, माझ्यावर खटला भरा. एकही वाईट शब्द न उच्चारता खून झाला. सूड आहे, न्यायाचा आभास आहे, पश्चात्तापही आहे, आणि सगळं संरक्षणाच्या भाषेत.

यहूदाला मारायला टपलेला आणखी एक जण आहे: मत्तय लेवी, येशुआचा शिष्य. हा तोच, जो वधस्तंभावरचे हाल वाचावेत म्हणून येशुआलाच मारायला भाकरीच्या दुकानातून सुरी चोरतो आणि उशिरा पोहोचतो. पिलात त्याला सांगतो, यहूदाचं काम मी करून टाकलंय. पाहा, सगळी माणसं चांगली म्हणणाऱ्याचा एकनिष्ठ शिष्य खुनाला निघालाय, आणि त्याचं पाप आपल्या शिरावर घेतोय तो खुद्द सुळी देणारा. विषय देणाऱ्याला 'एकमेकांवाचून राहू शकत नाही' म्हणायचं होतं ते बहुधा हेच असावं. सावलीच्या उपमेपेक्षा हे कितीतरी गुंतागुंतीचं.

याच भेटीत पिलात लेवीला नोकरी देऊ करतो: कैसरियाला माझं ग्रंथालय आहे, तिथे राहा. लेवी नाही म्हणतो. त्याला मारल्यावर माझ्या तोंडाकडे बघणं तुला सोपं जाणार नाही, तू मला घाबरशील. पिलात म्हणतो, माझ्याकडून काहीतरी घे. लेवी म्हणतो, कोरा चर्मपत्राचा तुकडा दे.

माझ्या भाषणाला दिशा मिळाली ती इथे. चांगल्याला वाईटाची गरज असते का, हा प्रश्न मी सोडून दिला. वाईटाच्या हातून चांगल्याने काय घेतलं आणि काय नाकारलं, हे पाहायचं ठरवलं. लेवी फक्त कोरं पान घेतो. मार्गारिटा चेटकीण होण्याचं मलम घेते, यजमानपद घेते, पण पहिली मागणी दुसऱ्या बाईसाठी खर्च करते. आणि मास्टर?

गच्चीवरचा प्रसंग मग एका मैत्रिणीला बसवून संवाद वाटून वाचला. ती लेवी, मी वोलँड. सावल्यांचं भाषण संपल्यावर लेवी काय उत्तर देतो? काहीच नाही. तुझ्यासारख्या जुन्या वितंडवाद्याशी मी वाद घालणार नाही, एवढंच. मैत्रीण म्हणाली, हा हरला. पण पुढची ओळ वाचल्यावर आम्ही दोघी थांबलो. वाद सोडून लेवी निरोप सांगतो: येशुआने मास्टरची कादंबरी वाचली आहे, आणि तू मास्टरला सोबत नेऊन त्याला शांती द्यावीस असं त्याचं म्हणणं आहे. तुम्हीच प्रकाशात का नेत नाही, असं वोलँड विचारतो. लेवी खिन्नपणे म्हणतो, त्याने प्रकाश कमावला नाही, शांती कमावली आहे. म्हणजे तत्त्वचर्चेत दोघांचं जमत नाही, आणि लगेच पुढच्या मिनिटाला दोघं मिळून एका थकलेल्या माणसाची सोय लावतात. विनंती प्रकाशाकडून आली, अंमलबजावणी अंधाराकडून. या कादंबरीतलं परस्परावलंबन मला त्या व्याख्यानात नाही, या निरोपात दिसलं.

बुल्गाकोवच्या चरित्राकडे मी जाणार नव्हते, कारण चरित्रावरून कादंबरी वाचणं मला सहसा आवडत नाही. पण इथे टाळणं अप्रामाणिक झालं असतं. ही कादंबरी त्याने १९२८च्या सुमारास सुरू केली आणि मार्च १९३०मध्ये तिचा सुरुवातीचा मसुदा जाळला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याने सोव्हिएत सरकारला पत्र लिहिलं: नाटकं बंद आहेत, काम द्या नाहीतर देशाबाहेर जाऊ द्या. १४ एप्रिलला कवी मायाकोव्स्कीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. १८ एप्रिलला बुल्गाकोवच्या घरचा फोन वाजला आणि पलीकडे स्टालिन होता. खरंच बाहेर जायचंय का, असं त्याने विचारलं. बुल्गाकोव म्हणाला, रशियन लेखकाला मायदेशाबाहेर राहणं शक्य नाही. त्याला मॉस्को आर्ट थिएटरमध्ये नोकरी मिळाली. १९३९मध्ये त्याने तरुण स्टालिनवर 'बातुम' नावाचं नाटक लिहिलं. ऑगस्टमध्ये त्याच्या तयारीसाठी जॉर्जियाकडे निघालेली मंडळी वाटेतूनच परत बोलावली गेली, नाटक नामंजूर. त्यानंतर मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठलं, दृष्टी अधू झाली. पत्नी येलेनाला तो कादंबरीतल्या दुरुस्त्या सांगून लिहवत राहिला आणि १० मार्च १९४० रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी गेला. कादंबरी 'मोस्क्वा' मासिकात आली ती नोव्हेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७च्या अंकांत, तीही काटछाट होऊन.

लेवीची कोरं पान मागण्याची ओळ हा माणूस लिहितो, तेव्हा तो स्वतः ग्रंथालयातल्या जागेसारखी एक नोकरी घेऊन बसलेला होता. यावरून त्याला भित्रा ठरवायला मी तयार नाही. पण भित्रेपणाबद्दल तो किती बारकाईने लिहितो ते पाहा. येशुआ म्हणाल्याचं सांगितलं जातं की भित्रेपणा हा मोठ्या दुर्गुणांपैकी एक आहे. पिलात स्वप्नात त्याच्याशी वाद घालतो: नाही तत्त्वज्ञा, एक नव्हे, हाच सर्वांत भयंकर. स्वतःविरुद्धची शिक्षा आरोपीच वाढवून घेतो.

गटात हे सगळं मांडलं तेव्हा सर्वात जोरदार हरकत मास्टरवरून आली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, सैतानाने दिलेली शांती ती शांती कसली, ती तर शरणागती. मास्टरने कोरं पान मागायला हवं होतं. दुसरीने त्यांना विचारलं, त्याच्याकडे लिहायला उरलं काय होतं? घासाघीस बराच वेळ चालली. मला ज्येष्ठांचं म्हणणं अर्धंच पटलं. मास्टर खचलेला आहे, लढत नाही, हे खरंच. म्हणूनच तर त्याला प्रकाश मिळत नाही. पण त्याला मिळणारी जागा वोलँडच्या मर्जीची नाही, ती येशुआने मागून घेतलेली आहे. शिवाय जाण्यापूर्वी त्याच्या हातून एक गोष्ट होते. डोंगरावर हजारो वर्षांच्या पौर्णिमा मोजत बसलेल्या पिलाताकडे बघून तो ओरडतो, तू मोकळा आहेस, तो तुझी वाट पाहतोय. फ्रीडाला सोडवलं मार्गारिटाने, पिलाताला सोडवलं मास्टरने. दोन्ही वेळा वोलँड बाजूला उभा होता आणि दोन्ही वेळा बोलणं दुसऱ्याला करावं लागलं.

मोगारिचच्या बढतीचा प्रश्न मात्र कोणालाच सुटला नाही. एक जण म्हणाला, हा लेखकाचा विसरभोळेपणा. मला तसं वाटत नाही. वोलँड शनिवारी रात्री घोड्यावर बसून निघून गेला. सोमवारी थिएटर उघडलं असेल, तेव्हा कोणालातरी हिशेब बघायला बसवणं भागच होतं, आणि त्या कामाला लायक ठरणारी माणसं शहरात तशीच होती.